‘हा मोबाईल कोणता?’ आणि हातातल्या गेमबद्दल मला खान्देशात विचारले जाणारे बाकीचे प्रश्न

मी भुसावळला राहतो, जळगावला एका पाइपच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि सावद्याच्या बाजूला आमची थोडी केळी आहे. रोज रेल्वेने अपडाऊन. बॅगेत डबा, पाण्याची बाटली आणि गेमचं एक यंत्र. ते बाहेर काढलं की प्रश्न सुरू होतात. गेल्या बारा-तेरा वर्षांत यंत्रं बदलली, प्रश्न तेच राहिले. म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली.

हा मोबाईल कोणत्या कंपनीचा?

मोबाईल नाही. यात सिम नाही, फोन येत नाही, व्हॉट्सॲप नाही. हे निन्टेन्डोचं स्विच लाइट, २०१९ साली आलेलं. साडेपाच इंची स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं आणि जॉयस्टिक, वजन पावणेतीनशे ग्रॅम. घरी दुसरं आहे, स्टीम डेक. ते ६६९ ग्रॅमचं, म्हणजे खरं तर बटणं लावलेला छोटा कॉम्प्युटरच. गाडीत नेता येतं, पण उभ्याने दहा मिनिटं धरलं की मनगट कुरकुरायला लागतं.

मोबाईलवर गेम आहेतच की. वेगळा खर्च कशाला?

हा प्रश्न रास्त आहे आणि सगळ्यात जास्त वेळा हाच येतो.

एक तर बटणं. मोबाईलवर खेळताना आपलेच अंगठे अर्धी स्क्रीन झाकतात आणि काचेवर बोट कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. बटण बोटाला कळतं. आमच्या शेजारच्या मावशी न बघता शेवया वळतात, तसंच. दुसरं म्हणजे मोबाईलवरचा फुकट गेम फुकट नसतो; दर दोन मिनिटांनी जाहिरात, नाहीतर ‘हिरे विकत घ्या’. इथे गेम एकदा विकत घेतला की विषय संपला. आणि तिसरं, ऑफिसचा माणूस मोबाईलवर गाठतो. ह्याच्यावर नाही गाठू शकत.

पण माझ्यासाठी मोठं कारण वेगळंच आहे, ते म्हणजे वरचं छोटं पॉवर बटण. ते दाबलं की गेम आहे तिथे गोठतो. उडी मारताना हवेत असलेला माणूस हवेतच थांबतो. संध्याकाळी परत दाबलं की तिथूनच पुढे. आमच्या घरात कोणालाही सलग अर्धा तास कोणी एकटं सोडत नाही. गॅस सिलिंडर आला, आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला, पोराचा प्रोजेक्ट उद्याच द्यायचाय हे रात्री साडेनऊला कळलं. टीव्हीला जोडायच्या यंत्रावर मांड ठोकून बसावं लागतं. हे यंत्र हाक मारल्यावर खाली ठेवता येतं, म्हणून माझं खेळणं टिकलं.

हे वेड लागलं कुठून?

चांगदेवच्या महाशिवरात्रीच्या यात्रेतून. तिथे मामाने ब्रिक गेम घेऊन दिला होता. पिवळा, पेन्सिल सेलवर चालणारा, पाठीवर ‘९९९९ गेम’ असं छापलेलं. प्रत्यक्षात गेम दहा-बाराच. बाकी सगळे त्याच विटा वेगळ्या वेगाने. वरून पडणाऱ्या विटांचा मूळ खेळ टेट्रिस, १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी बनवलेला, आणि माझ्या हातातली त्याची नक्कल होती, हे मला पंधरा वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की सेल संपत आले की आवाज चिरका होतो, आणि सेल उन्हात ठेवले की अजून एक डाव निघतो.

खरा गेम बॉय १९८९ चा. चार पेन्सिल सेल, हिरवट स्क्रीन. तो मी भुसावळमध्ये कधीही कोणाच्या हातात बघितला नाही. आमच्याकडे एक तर टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला ‘मारिओ’ होता, नाहीतर हा ब्रिक गेम. मधलं काही नाहीच.

मग पहिला पगार झाल्यावर जुना पीएसपी घेतला, ३००० मॉडेल. सोनीचं ते यंत्र, ४.३ इंची रुंद स्क्रीन. मागचं झाकण उघडायचं आणि यूएमडी नावाची प्लॅस्टिकच्या खोक्यातली छोटी डिस्क आत सरकवायची. गाडी चालू असताना आत डिस्क फिरल्याचा घर्र आवाज यायचा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा वाटलं, बिघडलं. बिघडलं नव्हतं, तो तसाच बोलतो. २०१९ च्या एका दुपारी कपाटातून काढला तर मागचं झाकण आपोआप उघडलेलं. आत बॅटरी पुरीसारखी फुगली होती.

बॅटरी फुगली तर काय करायचं?

टोचायचं नाही, दाबायचं नाही, ‘एकदा चार्ज लावून बघू’ तर मुळीच नाही. बंद करा, बॅटरी काढता येत असेल तर काढा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकू नका, कचऱ्यात चेपली गेली तर पेट घेते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे तापत नाही का?

तापतं. यावर जरा सविस्तर बोलतो, कारण इंटरनेटवरचे सल्ले देणारे लोक थंड देशातले असतात.

निन्टेन्डो सांगते, स्विच ५ ते ३५ अंशांच्या हवेत वापरा. स्टीम डेक बनवणारेही ० ते ३५ च सांगतात. आता मे महिन्यातलं जळगाव घ्या. पारा ४५ पर्यंत गेला की आमच्याकडे कोणी मान वर करून बघतही नाही. सावलीतली खोलीसुद्धा दुपारी ३८-३९ असते. म्हणजे पेटीतून काढल्या काढल्याच यंत्र आपल्या मर्यादेच्या बाहेर.

होतं काय, आतली चिप गरम हवेला उष्णता देऊ शकत नाही. पंखा जोरात फिरतो, गिरणीसारखा आवाज येतो, मग चिप स्वतःच वेग कमी करते आणि गेम अडखळायला लागतो. ही बिघाडाची नव्हे, बचावाची खूण. यंत्र लगेच मरत नाही, हळूहळू मरते ती बॅटरी. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास पडून राहणं. चार्जिंगला लावून दुपारी खेळलात तर दोन्ही एकदम.

माझी उन्हाळ्याची रीत अशी. अक्षय्य तृतीयेपासून, म्हणजे आमच्या आखाजीपासून, मृगापर्यंत दुपारी स्टीम डेक बंद. सकाळी सातच्या आत किंवा रात्री गच्चीवर. चार्जिंग करायचं तर खेळायचं नाही. स्टीम डेकच्या सेटिंगमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आता आली आहे, ती चालू ठेवायची. गेम सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रांवर बांधला की चिपला निम्मं काम. शेतीच्या किंवा कोड्याच्या गेममध्ये फरक कळतही नाही. उशीवर, गादीवर ठेवून खेळायचं नाही, मागच्या जाळ्या बंद होतात. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर विसरायचं नाही. माझा एक सहकारी विसरला होता; स्क्रीनच्या कडेचा डिंक सुटला.

कूलरचं विचाराल तर: समोर बसा, पण यंत्र अगदी तोंडाशी धरू नका. वाळ्याच्या ताट्यातून येणारी हवा थंड असते तशी दमटही असते, आणि कधी कधी थेंबही उडतात.

अपडाऊनमध्ये खेळायला वेळ मिळतो?

भुसावळ ते जळगाव २४ किलोमीटर. गाडीवर अवलंबून, पण वीस ते तीस मिनिटं धरा, आणि गाडी आउटरला थांबली तर बोनस. जागा मिळाली तर खिडकी नाही, चौथी सीट. अर्धा माणूस बाहेर, अर्धा आत. एका हाताने वर धरायची गरज नसते, म्हणून दोन हात मोकळे.

आमच्या डब्यात पासवाल्यांचा पत्त्यांचा फड असतो. चार गुडघ्यांवर टॉवेल, टॉवेलवर डाव. वर्षानुवर्षं त्यांना कोणी काही म्हणालं नाही. मी यंत्र काढलं तेव्हा मात्र पहिल्या आठवड्यात तिघांनी विचारलं, ‘या वयात?’ मी म्हटलं, ‘तुम्ही जॅक मारता, मी राक्षस मारतो.’ आता ते मला फडातच धरतात. मागच्या पावसाळ्यात एक गडी कमी पडला तर मला यंत्र बंद करून बसवलं. हरलो.

वीस मिनिटांसाठी गेम निवडावा लागतो. लांबलचक संभाषणांची गोष्ट नको. पात्रं आपापसात बोलतच राहतात आणि स्टेशन येतं. एकेक छोटी पातळी असलेले, डाव लवकर संपणारे गेम चांगले. आवाज बंद, नाहीतर इअरफोन. मोबाईलवर मोठ्याने रील लावणाऱ्यांबद्दल माझं जे मत आहे तेच मत लोकांनी माझ्याबद्दल करून घेऊ नये.

बॅटरी किती वेळ पुरते?

स्विच लाइट कंपनीच्या सांगण्यानुसार ३ ते ७ तास, माझं जुनं आहे म्हणून चारच्या आसपास. स्टीम डेक २ ते ८ सांगतात. जड गेमला दोनच समजा.

लाईट गेली तर?

तर उलट निवांत खेळता येतं. टीव्ही बंद, राउटर बंद, सगळे गच्चीवर.

पॉवर बँकेचं गणित मात्र समजून घ्या, कारण दुकानदार सांगत नाहीत. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. गुणाकार केला की ७४ वॉट-तास. व्होल्ट चढवण्या-उतरवण्यात पाव ते एक तृतीयांश वाया. हातात राहतात पन्नास-पंचावन्न. स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची, म्हणजे एकदा पूर्ण आणि वर थोडं. स्विच लाइट साडेतीन-चार वेळा होतो. आणि स्टीम डेकला ४५ वॉटचा टाइप-सी चार्जर लागतो. मोबाईलच्या जुन्या चार्जरवर लावला तर खेळताना टक्के वाढायच्या ऐवजी उतरतात.

शेतात कशाला नेता?

कारण शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस रात्रीची असते. मोटर ऑटोवर, म्हणजे लाईट आली की आपोआप चालू होईल अशी, टाकून घरी झोपता येतं, पण आप्पांचा ऑटोवर विश्वास नाही. शनिवारी माझी पाळी.

ड्रिपला बाग एकदम भिजत नाही. वॉल फिरवून एकेक तुकड्याला पाणी द्यायचं. तास-दीड तासाने उठायचं, एक वॉल बंद, दुसरा चालू, फिल्टरचं प्रेशर बघायचं, जास्त दाखवलं तर फिल्टर धुवायचा. मधल्या वेळेत विहिरीजवळच्या बाजेवर बसून राहायचं. पूर्वी मी नुसता आकाशाकडे बघत पडायचो आणि झोप लागायची. मग पाइप निसटून एकाच सरीत तळं साचलेलं सकाळी आप्पांना दिसायचं. आता स्टीम डेक नेतो. ते बनवणाऱ्या कंपनीचं नावच व्हॉल्व आहे. एका हाताने तो व्हॉल्व बाजूला ठेवायचा, दुसऱ्या हाताने हा वॉल फिरवायचा.

दोन सूचना. ब्राइटनेस अगदी कमी ठेवा, नाहीतर केळीच्या बागेतले यच्चयावत किडे स्क्रीनवर उतरतात आणि कोणता शत्रू गेममधला आणि कोणता काचेवरचा ते कळत नाही. आणि उठताना आधी टॉर्च लावून पायाखाली बघा, डोळे उजेडाला सरावलेले असतात. जमिनीवर पडलेली प्रत्येक नळी नळीच असते असं नाही.

शेतकऱ्याच्या पोराने शेतीचा गेम काय खेळायचा?

हा प्रश्न आप्पांचा. गेमचं नाव स्टारड्यू व्हॅली, २०१६ चा, एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवलेला. शहरातली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर आलेल्या माणसाची गोष्ट. आप्पा एका दुपारी शेजारी येऊन बसले, चष्मा चढवला.

‘कोणतं पीक आहे?’

‘पार्स्निप. गाजरासारखं असतं.’

‘किती दिवसांचं?’

‘चार.’

‘चार दिवसांत आपल्याकडे पंचनामा होत नाही.’

मग त्यांना सगळं बघायचं होतं. बुजगावणं दिसल्यावर खूश झाले, कारण ते नसलं तर गेममध्येही कावळे पीक खातात. वादळात वीज पडून झाड जळू शकतं, हेही पटलं. पण करपा नाही, सीएमव्ही हा केळीवरचा विषाणू नाही, मे-जूनच्या वाऱ्यात उभी बाग आडवी होत नाही, यावर त्यांनी मान हलवली. मी सांगितलं, माल रात्री पेटीत टाकायचा, सकाळी पैसे जमा. भाव आधीच ठरलेला.

‘रावेरच्या बाजाराचा भाव विचारत नाहीत?’

‘नाही.’

‘अडत? उधारी?’

‘काहीच नाही.’

‘मग शेती कसली, नोकरी आहे ती,’ म्हणाले आणि उठले. दोन दिवसांनी मात्र जेवताना विचारलं, ‘त्या माणसाने विहीर घेतली का?’ त्या गेममध्ये विहीर घेता येते. मी घेतली नव्हती. घेतली.

पुढे बेटावर केळीचं झाडही लावता येतं आणि ते २८ दिवसांत मोठं होतं. हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

हे यंत्र घ्यायचं कुठून?

निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही. स्टीम डेकही नाही. जे दुकानात दिसतं ते बाहेरून आणलेलं; वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. असूसचं आरओजी अ‍ॅलाय हे तसलंच यंत्र मात्र २०२३ पासून अधिकृतपणे मिळतं, आलं तेव्हा ६९,९९० रुपयांना होतं. त्याच्या आत विंडोज आहे, म्हणजे अपडेटचा ससेमिरा आलाच.

माझं स्विच लाइट जुनं घेतलेलं, मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून. ‘फक्त दोन महिने वापरलं’ म्हणाला होता. घरी येऊन डावा जॉयस्टिक बघितला तर रबर गुळगुळीत. दोन महिन्यांत तेवढं झिजायला माणसाला जेवायलासुद्धा वेळ मिळाला नसेल. फोन केला, उचलला नाही. तेव्हापासून मी घेण्याआधी हे बघतो: सेटिंगमध्ये जॉयस्टिक तपासायचा पडदा उघडून हात न लावता टिंब मध्यभागी राहतं का; सगळी बटणं; गेमच्या कार्डाची खाच; वायफाय; चार्जर लावून टाइप-सीचं तोंड हलवल्यावर चार्जिंग तुटतं का; आणि स्क्रू. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कोणीतरी आत जाऊन आलंय.

गेमचं म्हणाल तर स्टीमवर, म्हणजे व्हॉल्वच्याच ऑनलाइन दुकानात, २०१५ पासून रुपयांत किमती आहेत आणि सेलमध्ये चांगले गेम शे-दोनशेत येतात. निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात भारत हा देशच नाही. कार्डावरचा गेम घेतला की खेळून झाल्यावर विकता येतो, म्हणून मी निन्टेन्डोसाठी कार्डंच घेतो.

दोन-चार हजारांचं चायनाचं मशीन चालेल का?

जुने गेम आवडत असतील तर ॲनबर्निक किंवा मियू या कंपन्यांची छोटी यंत्रं खरोखर चांगली असतात. साडेतीन इंची स्क्रीन, खिशात मावतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. सोबत येणारं मेमरी कार्ड बहुतेक वेळा भंगार असतं. ते बंद पडलं की लोक यंत्रालाच शिव्या घालतात. आणि यातली बरीच यंत्रं दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या वायरवर चार्जच होत नाहीत, कारण चार्जरला ‘मी आहे’ असं सांगणारे छोटे रेझिस्टर कंपनीने वाचवलेले असतात. जुन्या चौकोनी यूएसबीची वायर लावा, चालेल.

‘दहा हजार गेम मोफत’ म्हणून जे भरून येतं ते चोरीचं असतं, हे सांगायला हवं. बाकी आपण सगळे ९९९९ वर वाढलेले, त्यामुळे दहा हजार ऐकून मोहरू नये.

गेममधला माणूस आपोआप चालतो. भूत आहे का?

भूत नाही, ड्रिफ्ट. जॉयस्टिकच्या काडीखाली कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक बारीक पत्रा घासत फिरतो. कुठे थांबला त्यावरून दिशा कळते. पट्टी झिजली किंवा मधे धूळ बसली की सोडलेली काडीही ‘थोडी डावीकडे’ असं सांगत राहते. आमच्याकडे एप्रिल-मेची वावटळ आणि हिवाळ्यात जिनिंगच्या आसपास उडणारा कापसाचा बारीक तंतू, दोन्ही त्याला पूरक.

आधी सेटिंगमधून कॅलिब्रेशन करा, म्हणजे काडीचा मध्य यंत्राला पुन्हा दाखवून द्या. नाही झालं तर यंत्र बंद करून, काडीच्या मुळाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, गोल गोल फिरवा, वाळू द्या. यानेही नाही झालं तर काडी बदलावी लागते. स्विच लाइटची काडी मोठ्या स्विचसारखी बाजूला निघत नाही, पूर्ण यंत्र उघडावं लागतं, आणि त्याचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात. एका मोबाईल दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर त्यात साधा चारपाकळी स्क्रूड्रायव्हर घालून दाबला. स्क्रू गेला, पुढे आतल्या वायरच्या पट्टीची खिट्टीही तुटली, आणि तो म्हणाला, ‘पीस आधीपासूनच वीक होता.’ आता मी स्वतः करतो. योग्य स्क्रूड्रायव्हर शे-दीडशेला मिळतो. चुंबकावर चालणाऱ्या, हॉल इफेक्ट म्हणतात त्या काड्या टाकल्या तर घासण्याचा प्रश्नच उरत नाही.

धुळीपासून वाचवायला बायकोने ब्लाउज पीसची नाडीवाली पिशवी शिवून दिली आहे. जांभळी, बारीक बुट्ट्यांची. ऑफिसात त्यावरून बोलणी खाल्ली, पण त्यानंतर ड्रिफ्ट झालेला नाही.

खाताना खेळलं तर चालतं?

केळीचे वेफर्स आणि भरीत, दोन्हीच्या बाबतीत उत्तर नाही.

डोळे खराब होतात ना?

आई अमळनेरकडची. तिचं अहिराणीतलं उत्तर ठरलेलं: ‘ठेव आते ते खोकं, डोया फुटी जातीन तुना.’

फुटत नाहीत. पण जवळच्या स्क्रीनकडे टक लावून बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे होतात, चुरचुरतात. मधून मधून खिडकीबाहेर लांब बघावं. छोट्या स्क्रीनवर काही गेमची अक्षरं मुंगीएवढी असतात. ते गेम मी घेतच नाही. चाळिशी जवळ आली आहे.

पबजीसारखी यावर पण बंदी येणार का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पबजी मोबाईल सप्टेंबर २०२० मध्ये चिनी ॲपच्या यादीत बंद झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे: पैसे भरा, जिंका, काढा. विकत घेऊन घरात एकट्याने खेळायचा गेम त्यात येत नाही. आखाजीला रात्रभर पत्त्यांवर पैसे लावणारे आमचे एक नातेवाईक मला दोनदा बजावून गेले की ‘आता पोलीस उचलतील तुला’.

पोराला घेऊन द्यावं का?

शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं, त्यांना जे सांगितलं तेच सांगतो. दहा वर्षांच्या पोराला स्वतःचा मोबाईल देण्यापेक्षा हे बरं. यात अनोळखी माणूस सहज येत नाही आणि निन्टेन्डोच्या पालकांसाठीच्या ॲपमधून रोजची वेळ बांधता येते. पण वेळ संपल्यावर ‘जाऊ दे, दहा मिनिटं’ म्हणणार असाल तर ॲपचा उपयोग नाही. माझ्या भाच्याला मी एक सवलत ठेवली आहे: डाव मधेच तोडायला लावत नाही. ‘मामा, एवढी पातळी’ म्हणाला की थांबतो. मलाही कोणी थांबलं तर बरं वाटलं असतं.

मराठीत गेम आहेत का?

माझ्याकडच्या एकातही मराठी नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये केला, तो स्विचवर आहे. राजस्थानी वाड्यांसारखे महाल, भिंतींवर पुराणातल्या कथा. भाच्याला दाखवला तर त्याचा पहिला प्रश्न, ‘यात दुर्गामाता इंग्रजी का बोलते?’

यातून पैसे मिळतात का?

जातात.

जरा दाखवा ना. मी खेळू का?

खेळा. हात पुसून घ्या. हे उडी मारायचं, हे मारायचं, आणि ते वरचं बटण दाबू नका. फक्त परतीच्या गाडीत असाल तर भादली स्टेशन आलं की परत द्या. तिथून भुसावळपर्यंत मला एक डाव बसतो.